कॅलिफोर्नियाची पर्सनल लाइन्स परीक्षा: राज्याच्या नियमांत या चुका टाळा

गाडी आणि घराचा विमा विकण्याच्या परवान्यासाठी बसणारे बरेच जण पॉलिसीचा भाग मन लावून वाचतात आणि राज्याचे नियम शेवटच्या दोन संध्याकाळींवर ढकलतात. गुण तिथेच जातात. १९४५च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्यामुळे अमेरिकेत विम्याचे नियमन राज्यांकडे आहे. त्यामुळे न्यू जर्सीत परवाना घेतलेल्या वहिनींच्या वह्या कॅलिफोर्नियातल्या बे एरियात कामाच्या नाहीत. न्यू जर्सी नो-फॉल्ट राज्य आहे, म्हणजे चूक कोणाचीही असो, आपल्या इजेचा खर्च आधी आपलीच विमा कंपनी देते. कॅलिफोर्नियात ज्याची चूक, त्याच्यावर भरपाई.

जुन्या नोट्सही घात करतात. गाडीच्या लायबिलिटीची, म्हणजे आपल्या चुकीने दुसऱ्याला झालेल्या नुकसानीच्या विम्याची, किमान मर्यादा कित्येक वर्षे १५/३०/५ होती. १ जानेवारी २०२५ पासून ती ३०/६०/१५ आहे. म्हणजे एका व्यक्तीच्या इजेसाठी ३० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांच्या इजेसाठी मिळून ६० हजार आणि दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी १५ हजार. सरावाच्या प्रश्नसंचात १५/३०/५ दिसले, तर तो संच बाजूला ठेवा.

सर्वांत जास्त गोंधळ दिवसांचा होतो. क्लेमची सूचना मिळाल्यावर १५ दिवसांत कंपनीने पोच द्यायची. नुकसानीचा पुरावा हाती आल्यावर ४० दिवसांत क्लेम मान्य की अमान्य ते कळवायचे. मान्य केल्यावर ३० दिवसांत पैसे द्यायचे. नुसते १५, ४०, ३० घोकले तर पर्यायांत तिन्ही आकडे समोर येतात आणि हात थबकतो. प्रत्येक आकड्याशेजारी ‘कोणी’ आणि ‘कशापासून’ एवढे लिहाच. हे कॅलेंडरचे दिवस आहेत, शनिवार-रविवार धरून.

ग्राहक गप्प राहिला तर काय, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो पुढे धंद्यातही रोज येतो. घराच्या पॉलिसीसोबत भूकंपाचे संरक्षण देऊ करणे कंपनीवर बंधनकारक आहे. ग्राहकाने ३० दिवसांत होकार कळवला नाही, तर ते नाकारले असे धरतात. विमा नसलेल्या चालकाने धडक दिली तर उपयोगी पडणाऱ्या अनइन्शुअर्ड मोटरिस्ट संरक्षणाचे नेमके उलटे आहे: लेखी नकार नसेल, तर ते पॉलिसीत असतेच. दोन्ही नियम एकाच पानावर समोरासमोर लिहा.

एजंट कंपनीचा प्रतिनिधी, ब्रोकर ग्राहकाचा; परवान्यावर दोन्ही शब्द असले तरी प्रश्नात भूमिका एकच असते.

सराव चाचणीत राज्याच्या नियमांचा भाग पुन्हापुन्हा अडत असेल, तर नवे पुस्तक घेऊ नका. कॅलिफोर्नियाच्या विमा विभागाने प्रसिद्ध केलेली अभ्यासक्रमाची यादी घ्या आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न तिच्यातल्या कोणत्या मुद्द्याखाली येतो ते तपासा.