लहान मुलांना गाणं शिकवताय? निदान या चुका टाळा

'आमची मुलं फार बेसुरी आहेत हो,' अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी विचारते, 'गाता कुठल्या पट्टीत, म्हणजे कुठला सूर सा धरून?' उत्तर बहुधा ठरलेलं असतं: 'माझ्याच.' तिथेच सगळं बिघडतं. चार-सहा वर्षांच्या मुलांचा गळा मध्य सप्तकात, म्हणजे पेटीच्या मधल्या सात सुरांत, साधारण दुसऱ्या ते सहाव्या पांढऱ्या पट्टीपर्यंत (पांढरी दोन ते पांढरी सहा) मोकळा चालतो. त्याच्या खाली नेलं की मूल गाणं सोडून बोलायला लागतं.

एका बालवर्गात मला मुलं ऐकायला बोलावलं होतं. शिक्षकांचा आवाज छान, भरदार. पट्टी मात्र काळी एक, मुलांना फार खालची. त्यांच्या सुरापर्यंत उतरायला मुलं हनुवटी छातीला टेकवून अक्षरशः गुरगुरत होती. मागच्या एका मुलीला तर 'तू नुसते ओठ हलव' असं सांगून ठेवलेलं. हे वाक्य मला सहन होत नाही. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, त्याचंच तोंड बंद करायचं? मी पेटी मिटायला लावली, पाठ करून उभी राहिले आणि लपाछपीत मारतात तशी तिला हाक मारली, 'कुठे आऽहेस?' पंचमावरून गंधारावर, म्हणजे प वरून खाली ग वर. 'इथे आऽहे!' उत्तर आलं, त्याच दोन स्वरांवर, स्वच्छ. मग पट्टी चढवून गाण्याची पहिली ओळ घेतली. सगळ्यांना लगेच जमली नाही, पण गुरगुर थांबली.

हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीतही सुरुवात बहुधा याच उतरत्या प-ग जोडीने होते, आणि वाद्याआधी गळा येतो. माझ्या पिशवीत ४४० हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे एकच पक्का सूर देणारा धातूचा चिमटा असतो. तो वाजला की पांढरी सहा मिळते. सुरुवातीची गाणी मी तिच्या वर नेत नाही. पुरुष शिक्षकांनी वरच्या हलक्या आवाजात गाऊन दाखवावं, नाहीतर सुरात गाणाऱ्या एखाद्या मुलाला सूर द्यायला लावावा.

दुसरी चूक खेळातली. गाणं थांबलं की पुतळा व्हायचं, हलला तो बाद. आता बघा, आधी बाद कोण होतं? ज्याचं कान देऊन ऐकणं अजून कच्चं आहे तो. मग तो कोपऱ्यात बसून राहतो आणि लय पक्की असलेली तीन-चार मुलं शेवटपर्यंत खेळतात. माझ्याकडे कोणी बाद होत नाही. जो हलला त्याने माझ्याशेजारी येऊन डफलीवर ठेका धरायचा, पुढचा हलला की त्याच्या हातात डफली देऊन परत खेळात जायचं. बाद करण्याचा खेळ सोपा पडतो, वर्ग शांत बसतो, म्हणून लोक तो सोडत नाहीत.

'जोरात गा' म्हणू नका. मुलं ओरडतात, आणि ओरडताना सूर ऐकू येत नाही.

मुलांबरोबर सतत गाऊ नका. तुम्ही गा, थांबा, मग त्यांचं ऐका. तुम्ही गात राहिलात तर कोण कुठे घसरतंय ते तुम्हाला कळणारच नाही.

ठेका आणि शब्दांची लय एकदम शिकवू नका. आधी ठेक्यावर पावलं टाकू द्या. शब्दांवर टाळ्या नंतर. आणि ठेका मुलांच्या चालीवरून घ्या, त्यांची चाल मोठ्यांपेक्षा जलद असते.

स्वरांची नावं पाठ करून घ्यायची घाई कशाला? गाणं तोंडात बसल्यावर नावं द्या. रोज नवं गाणं मागणारे पालक भेटतात. त्यांना मी सरळ नाही म्हणते. मुलं तेच गाणं आनंदाने पुन्हा पुन्हा म्हणतात, कंटाळा मोठ्यांना येतो.

एखादं मूल वर्गात तोंडच उघडत नसेल तर त्याला उभं करून गायला लावू नका. खेळात घ्या, चेंडू द्या, टाळी द्या, आणि घरच्यांना विचारा. पुष्कळदा कळतं की आंघोळ करताना ते सगळं गाणं म्हणतं.