बोन्सायचा घरातला हिवाळा

सप्टेंबर सरत आला की टोरांटोजवळच्या आमच्या घरी मागच्या डेकवरून बोन्सायची एक वरात आत येते. पुढे नांद्रुक, त्यामागे चिंच, मग बोगनवेल आणि सगळ्यात शेवटी, नखरे करत, फुकिएन टी. यांचा घरातला मुक्काम थेट मे संपेपर्यंत, म्हणजे जवळजवळ आठ महिने. ही उष्ण प्रदेशातली झाडं, हिवाळ्यात झोपून राहणं त्यांना ठाऊक नाही. बाहेर बर्फ असो नाहीतर ऊन, ती जागीच असतात आणि जागं असलेल्याला उजेड लागतो.

हे मला पहिला नांद्रुक गेल्यावर कळलं. आत आणल्यावर महिन्याभरात त्यानं निम्मी पानं टाकली. मी घाबरलो आणि रोज पाणी घालायला लागलो. जानेवारीत कुंडीतून बाहेर काढला तर मातीला गटाराचा वास, आणि मूळ चिमटीत धरलं तर वरची साल मोज्यासारखी सुटून हातात आली. घरात बावीस अंश तापमान होतं, तेव्हा थंडीला दोष देण्यात अर्थ नव्हता. अंधारात बसवून पाणी पाजत राहिलो, त्यानं ते गेलं. पुढं जे काही लिहिलंय ते एवढ्याच हिशेबावर आहे: पाणी किती घालायचं ते उजेड ठरवतो.

आधी झाड ओळखा

जुनिपर, पाइन, मेपल यांना घरात आणूच नका. त्यांना थंडीतली झोप लागते, ती मिळाली नाही तर एक-दोन वर्षांत ती दम टाकतात. दुकानात 'इनडोअर बोन्साय' म्हणून सर्रास जुनिपर विकतात, त्याला भुलू नका. जुनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवा दिसतो, त्यामुळे आपल्याला वाटतं सगळं छान चाललंय.

घरात हिवाळा काढू शकतात ती नांद्रुक आणि त्याची भावंडं, जेड, चिंच, बोगनवेल. फुकिएन टी आणि सेरिसाही राहतात, पण रुसतात फार. पहिल्यांदाच करत असाल तर नांद्रुक घ्या. जाड, मुळ्यासारखी मुळं वर आलेला जो 'जिनसेंग फायकस' सगळीकडे मिळतो, तो नांद्रुकच. दिसायला ओबडधोबड, पण चुका पोटात घालणारा. आपल्या वडाचं बोन्साय होतं, मात्र पानं मोठीच राहतात, म्हणून लहान कुंडीत ते शोभत नाही. माझ्याकडचा वीतभर वड बघून आईनं विचारलं होतं, "वटपौर्णिमेला याला फेऱ्या कोण घालणार, मुंग्या?"

१. फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) सुरू व्हायच्या आधी आत आणा

रात्रीचं तापमान १२ अंशांच्या आसपास यायला लागलं की तयारी करा, १० च्या खाली जाऊ देऊ नका. आमच्याकडे ही वेळ साधारण सप्टेंबरच्या शेवटी येते. पहिल्यांदा दव गोठायची वाट बघणारे बरेच असतात, तोवर उशीर झालेला असतो. बाहेरची आणि घरातली हवा सारखीच असताना झाड आत आलं तर त्याला बदल फारसा जाणवत नाही.

पुण्या-मुंबईच्या मंडळींना यातलं काहीच लागत नाही, तुमची बाल्कनी पुरे आहे. निफाडकडे पारा पाच-सहावर उतरतो तेव्हा मात्र कुंड्या रात्रीपुरत्या ओट्यावर, भिंतीच्या कडेला घ्याव्यात.

२. उंबरठ्याबाहेर अंघोळ

आत आणायच्या आदल्या दिवशी पाइपच्या हलक्या फवाऱ्यानं झाड धुवा, विशेषतः पानांची खालची बाजू. कुंडीचा तळ बघा, तिथं मुंग्या आणि गोगलगायी बसलेल्या असतात. सुकी पानं, मातीवरचं शेवाळ काढून टाका. शक्य असेल तर पहिले दोन आठवडे ही झाडं घरातल्या इतर कुंड्यांपासून लांब ठेवा. एकावर कीड असेल तर ती सगळ्यांना वाटली जाऊ नये.

दुकानातून नवं झाड आणलं असेल तर मातीवरचे खडे बोटानं हलवून बघा. पुष्कळदा ते गोंदानं चिकटवलेले असतात. ते आधी उखडा, नाहीतर पाणी वरूनच घरंगळून जातं आणि मुळं कोरडीच राहतात.

३. उजेड

डिसेंबरच्या एकविसाव्या तारखेला टोरांटोत दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो, पुण्यात तो अकरा तासांच्या घरात. त्यात आमच्याकडे ढग. मोबाइलवर उजेड मोजायचं अ‍ॅप मिळतं, ते एकदा लावून बघा म्हणजे डोळे किती फसवतात ते कळेल. भर उन्हात एक लाख लक्सच्या आसपास आकडा दिसतो. दिवे लावलेल्या दिवाणखान्यात तो तीनशे-चारशे. आपल्याला खोली लख्ख वाटते, झाडाच्या लेखी ती रात्र असते.

खिडकी दक्षिणेचीच निवडा आणि कुंडी काचेपासून हातभराच्या आत ठेवा, कारण काचेपासून लांब जाल तसा उजेड झपाट्यानं घटतो. पण पान काचेला टेकू देऊ नका. उणे पंधराच्या रात्री काचेला टेकलेली माझ्या चिंचेची पानं सकाळी उकडल्यासारखी काळपट झाली होती, बाकी झाड ठणठणीत. खिडकीखाली फर्नेसचं व्हेंट असेल तर त्यावर झाकणी लावा किंवा झाडच हलवा. त्या गरम झोतात फुकिएन टी चार दिवस तग धरत नाही.

एवढं करूनही खिडकी पुरत नाही, दिवा घ्यावाच लागतो. पांढऱ्या उजेडाचा साधा एलईडी ग्रो लाइट चालतो, जांभळा दिवा घेऊन घराचा डान्स बार करायची गरज नाही. दिवा शेंड्यापासून वीत-दीड वीत वर टांगा आणि टायमर लावून बारा ते चौदा तास चालू ठेवा. टायमर हवाच. "मी आठवणीनं लावीन" म्हणणारे नोव्हेंबरात इथली घड्याळं तासभर मागं गेली की आठवडाभरात विसरतात. अंतर बरोबर आहे का, ते नव्या फुटीवरून समजतं. दोन पानांमधली कांडी लांबट, फिकी निघाली तर दिवा खाली घ्या. पानं पिवळट पडून कडेनं करपली तर वर.

आत आल्यावर पानं गळणारच. उन्हात तयार झालेलं पान कमी उजेडात झाडाला परवडत नाही, म्हणून ते टाकून देतं. फांदीवर नखानं हलकंसं खरवडून बघा, आत हिरवं दिसलं आणि नांद्रुकाला पांढरा चीक आला तर झाड जिवंत आहे. हात बांधून बसा.

४. पाणी

वार ठरवून पाणी घालू नका. कबाबची बांबूची काडी घ्या, बोटाच्या दोन पेरांएवढी मातीत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. ओली, गडद निघाली तर आज पाणी नाही. किंचित दमट असेल तर घाला. हळूहळू कुंडी उचलूनच अंदाज येतो, भाकरीचं पीठ हाताला कळावं तसा. पानं गळून निम्मी झाली असतील तर झाड पाणीही निम्मंच पितं. नेमकं तेव्हाच आपला हात तांब्याकडे जातो.

घालाल तेव्हा मात्र पोटभर घाला. कुंडी सिंकमध्ये ठेवून तळाच्या भोकांतून पाणी वाहीपर्यंत, मग पाच मिनिटं थांबून पुन्हा एकदा. पाणी कोमट असू द्या, जानेवारीत नळाला बर्फासारखं येतं. घरात जड पाणी मऊ करणारा सॉफ्टनर बसवलेला असेल तर ते पाणी वापरू नका, त्यातलं सोडियम मुळांना बाधतं. जेडची तऱ्हा वेगळी, त्याला माती पूर्ण कोरडी होऊ द्या, हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी एकदा पुरतं.

५. कोरडी हवा

फर्नेस लागली की घरातली आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली जाते, आपले ओठ फुटतात ते त्यामुळंच. नांद्रुक ते सहन करतो. इतरांसाठी पसरट ताटात खडे पसरून, खड्यांच्या खाली राहील एवढं पाणी ठेवा आणि कुंडी खड्यांवर. कुंडीचा तळ पाण्यात बुडता कामा नये. झाडं जवळजवळ ठेवली तरी थोडा फायदा होतो. दिवसातून चारदा पानांवर फवारा मारण्यात मला अर्थ वाटत नाही, दहा मिनिटांत वाळून जातो. खरोखर गरज असेल तर छोटा ह्युमिडिफायर लावा, घरातल्या माणसांनाही बरं वाटेल.

६. आठवड्याला एक झडती

कोरड्या, उबदार हवेत लाल कोळी फोफावतो. पांढरा कागद फांदीखाली धरून टिचकी मारा, पडलेले ठिपके चालायला लागले तर तो आलाय. झाड बाथरूममध्ये नेऊन, माती प्लास्टिकनं झाकून, पानांची खालची बाजू शॉवरनं धुवा, दर तीन-चार दिवसांनी, दोन-तीन आठवडे. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड दिसली तर कापसाच्या बोळ्याला रबिंग अल्कोहोल लावून पुसून काढा. जास्त असेल तर लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब घालून, दिवा बंद असताना फवारा. आधी एकाच फांदीवर मारून दोन दिवस वाट बघा.

कुंडी बदलणं, मुळं छाटणं, सगळी पानं काढणं ही कामं उन्हाळ्याची. हिवाळ्यात शेंडा खुडणं एवढंच. दिव्याखाली नवी फूट जोमात येत असेल तर महिन्यातून एकदा निम्म्या ताकदीचं खत द्या, नाहीतर काही नको. तार गुंडाळलेली असेल तर तीही बघत राहा, घरातही फांदी जाड होते आणि तार रुतते.

डिसेंबरात भारतात जाणार असाल तर

तीन आठवड्यांचा प्रश्न असतो. निघताना थर्मोस्टॅट सोळावर आणा, दिवा दहा तासांवर. थंड घर आणि कमी उजेड, म्हणजे तहानही कमी. शेजाऱ्यांना चावी द्या आणि आठवड्यातून एकदा काडी खुपसायला शिकवा. "रोज थोडं थोडं घाला" असं चुकूनही सांगू नका. आमचे शेजारी इतके प्रेमळ निघाले की एकदा परत आलो तेव्हा ताटातून पाणी जमिनीवर आलं होतं.

बाहेर काढताना

मे महिन्यातलं व्हिक्टोरिया डेचं वीकेंड उलटलं आणि रात्री सलग दहाच्या वर राहू लागल्या की काढा. थेट उन्हात नाही, घरात वाढलेली पानं एका दुपारीत भाजून पांढरी पडतात. पहिले आठ-दहा दिवस आमच्या झाडांचा मुक्काम डेकवरच्या टेबलाखाली असतो. मग सकाळचं ऊन, मग दुपारचं. मध्येच एखाद्या रात्री सात अंशांचा अंदाज आला तर जेवणं आटोपून वरात पुन्हा आत.