पाच शिलिंगाची लीज आणि मिरीचा एक दाणा

आधीच सांगते, जुन्या कागदांतून वंशावळ शोधण्यातली मी एक्सपर्ट वगैरे अजिबात नाही. नवऱ्याकडचे लोक अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचे, मी सातारा जिल्ह्यातली, आणि लेकीच्या शाळेतल्या फॅमिली ट्रीच्या प्रोजेक्टवरून हे खूळ डोक्यात शिरलं ते सहा वर्षं झाली तरी उतरलेलं नाही. माहेरची बाजू एका दुपारी झाली, सातबारा, जुने फेरफार आणि आत्याला एक फोन. सासरची बाजू म्हणजे जॉन, १७४० च्या दशकात लुइसा काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हाच समजा) तंबाखू लावणारा एक साधा शेतकरी. आडनाव मुद्दामच सांगत नाहीये, कारण त्याच नावाचे त्याच काउंटीत दोन जण होते आणि नेटवरच्या तयार फॅमिली ट्रीजमध्ये लोकांनी दोघांची अशी खिचडी करून ठेवलीये की एका बाईला तिच्या नवऱ्याच्या मरणानंतर चार वर्षांनी मूल झालंय. त्या तयार ट्रीजना हात लावू नका. लावलाच तर नुसतं बघा, कॉपी करू नका. झालं, माझा राग काढून झाला.

सेन्सस वगैरे तुम्हाला माहीत असेलच, पहिला १७९० चा, आणि व्हर्जिनियाचे १७९० चे मूळ तक्ते हरवलेले, १८०० चेही बहुतेक, आणि तसेही ते जॉनच्या फार नंतरचे, त्यामुळे आपल्या कामाचे नाहीत. सरकारी जन्ममृत्यूच्या नोंदी तिथे १८५३ पासून. मग १७४० च्या शेतकऱ्याचं उरतं काय, तर जमीन आणि कोर्ट. दर महिन्याला काउंटी कोर्ट भरायचं आणि तिथे सगळं यायचं, उधारी, भांडणं, रस्त्याची डागडुजी, अनाथ पोरांचे पालक. ऑर्डर बुक नावाच्या जाडजूड वहीत क्लार्क ते सगळं दोनदोन ओळींत लिहायचा. डीड बुकमध्ये खरेदीखतं, विल बुकमध्ये मृत्युपत्रं आणि घरातल्या सामानाची यादी. अक्षर सुरुवातीला मोडीसारखंच वाटतं, पंधरा दिवस रोज तासभर बसलं की सुटायला लागतं, घाबरू नका. मी तर Jno हे कोणीतरी वेगळंच माणूस समजून त्याची अख्खी वेगळी फाईल केली होती, ते नुसतं जॉनचं लघुरूप निघालं. म्हणजे बघा, तुमचं याहून वाईट काही होणार नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्यात माझं सव्वा वर्ष गेलं.

डीड बुकच्या इंडेक्समध्ये जॉनच्या नावावर लागोपाठ दोन नोंदी सापडल्या. पहिली लीज. दुसरी, दुसऱ्याच दिवशीची, रिलीज. मी पहिलीची कॉपी काढली, वाचली, आणि मला वाटलं सगळं कळलं. दोनशे एकर जमीन, एक वर्षासाठी, पाच शिलिंग घेऊन, आणि वर्षाच्या शेवटी मागितलं तर मिरीचा एक दाणा भाडं. आता मी कुठल्या घरातली? माझे आजोबा कूळ होते. १ एप्रिल १९५७ ला कूळ कायद्याने कसणारा मालक झाला ही गोष्ट आमच्याकडे रामायणासारखी सांगतात. त्यामुळे लीज शब्द दिसला रे दिसला की माझ्या डोक्यात दुसरं काही येणंच शक्य नव्हतं, जॉन कूळ होता! बिचारा दुसऱ्याची जमीन कसत होता! मग रिलीजचं काय? तर तेही मी जुळवून टाकलं, दुसऱ्या दिवशी त्याला जमीन परवडेना म्हणून सोडून दिली. दुसऱ्याच दिवशी! असं कोण करतं हा प्रश्न मला पडला नाही. ते पान मी वाचलंसुद्धा नाही, कारण कॉपीचे पैसे पडत होते आणि सोडलेल्या जमिनीचं काय वाचायचं. मिरीच्या दाण्यावर तर मी सासऱ्यांना अर्धा तास भाषण दिलं की बघा जमीनदारसुद्धा किती दयाळू होता.

खरं काय होतं ते सावकाश सांगते, कारण हे एकदा कळलं की निम्मं अठरावं शतक उलगडतं. इंग्रजी कायद्यात जमीन विकायची जुनी पद्धत म्हणजे जागेवर जायचं, साक्षीदारांसमोर मातीचं ढेकूळ आणि झाडाची डहाळी घेणाऱ्याच्या हातात द्यायची. हे कटकटीचं, म्हणून वकिलांनी वाट काढली. सौदा दोन कागदांत तोडायचा. पहिल्या दिवशी एक वर्षाची लीज, नावापुरते पाच शिलिंग, नावापुरतं भाडं, कुठे मिरीचा दाणा तर कुठे मक्याचं एक कणीस. या लीजमुळे घेणारा कायद्याच्या नजरेत जमिनीच्या ताब्यात आला, प्रत्यक्ष पाऊल न ठेवता. मालकाकडे उरलं काय, तर वर्ष संपल्यावर जमीन परत मिळण्याचा हक्क. दुसऱ्या दिवशी मालक तो उरलेला हक्कही घेणाऱ्याला सोडून देतो, हाच तो रिलीज, आणि खरी किंमत इथे लिहिलेली असते. ताबा अधिक उरलेला हक्क, झाली पूर्ण मालकी. म्हणजे सोडतो तो विकणारा, घेणारा नव्हे! दोन कागद मिळून एक खरेदीखत. जॉनने जमीन सोडली नव्हती, विकत घेतली होती.

आणि हे मला कळायला तीन खुणा डोळ्यांसमोर होत्या. एक, नावांची दिशा. इंडेक्समध्ये देणारा आणि घेणारा वेगळे असतात, जॉन जमीन सोडत असता तर रिलीजमध्ये त्याचं नाव देणाऱ्याकडे हवं होतं, ते दोन्ही वेळा घेणाऱ्याकडेच होतं. दोन, लीजच्या शेवटी एक लांबलचक वाक्य असतं की घेणाऱ्याला पुढचा हक्क स्वीकारता यावा एवढ्यासाठीच हे केलंय, मी ते वकिली बडबड म्हणून वगळलं होतं. तीन, ऑर्डर बुक. काही वर्षांनी त्याच कोर्टात जॉन ग्रँड ज्युरीत (गुन्ह्यांच्या तक्रारी कोर्टापुढे मांडणारं पंचमंडळ) बसलेला दिसला, आणि ग्रँड ज्युरीला स्वतःची जमीन असलेली माणसं बोलवायचे. मतदानाचंही तसंच, १७३६ च्या कायद्याप्रमाणे पडीक असेल तर १०० एकर, नाहीतर घर आणि लागवडीसकट २५ एकर, तरच मत. मिरीच्या दाण्यावर राहणारा कूळ तिथे बसेल कसा? तरी मी महिनाभर म्हणत राहिले की तो दुसरा जॉन असणार. सोयीचं नसलं की दुसरा जॉन!

उलटी चूकही करू नका हं. सगळ्याच लीज खोट्या नसतात. पोटोमॅक आणि रॅपहॅनॉक नद्यांच्या मधला नॉर्दर्न नेक लॉर्ड फेअरफॅक्सच्या घराण्याकडे होता आणि तिकडे खरीखुरी कुळं होती, तीन माणसांच्या हयातीपर्यंतच्या लीज असायच्या, भाडं खरं असायचं, सफरचंदाची बाग लावायची अट असायची. मुदत एक वर्ष, पैसे पाच शिलिंग आणि तारखेला चिकटून दुसरा कागद, हे तिन्ही असेल तर विक्री. नाहीतर नीट वाचा.

मला यातून बाहेर काढलं ते लायब्ररीतल्या एका रिटायर्ड सर्व्हेअर आजोबांनी. माणूस काहीच सांगायचा नाही. काहीही दाखवलं की एकच विचारायचा, पुढचं पान पाहिलंस का? सुरुवातीला भयंकर राग यायचा. त्याच्याआधी मी एका प्रोफेशनल बाईंना चांगले पैसे मोजले होते, त्यांनी तीन आठवड्यांत गुळगुळीत रिपोर्ट दिला आणि त्यात जॉन कूळ म्हणूनच होता, कारण मीच तसं सांगितलं होतं. उत्तरं देणारा गुरू नको, पानं उलटायला लावणारा हवा, हे माझं ठाम मत, कोणाला पटो न पटो. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर आता मशीनने वाचलेलं हस्ताक्षर फुकटात सर्च करता येतं आणि ते मी रोज वापरते, खोटं कशाला बोलू, पण ते तुम्हाला थेट त्या एका पानावर नेऊन आपटतं आणि पुढचं पान कोणी बघतच नाही.

जमिनीची हद्द मात्र स्वतःच्या हाताने काढा, सॉफ्टवेअर नंतर. डीडमध्ये लिहिलेलं असतं, अमक्याच्या कोपऱ्यावरच्या पांढऱ्या ओकपासून उत्तरेकडून ३२ अंश पूर्वेला १४० पोल, तिथून नाल्याकाठाने खाली. आपल्या चतुःसीमाच. एक पोल साडेसोळा फूट, आणि आपला गुंठा ३३ बाय ३३ फूट, म्हणजे बरोब्बर दोन पोल बाय दोन पोल! १६० चौरस पोलचा एकर, ४० गुंठ्यांचा एकर. दोन्हीकडे इंग्रजांची तीच ६६ फुटी साखळी फिरलीये. हे कळलं त्या रात्री मी बाबांना फोन केला, तिकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते, ते म्हणाले बरं मग. तर सांगायचं हे की शेजाऱ्यांची नावं उतरवून ठेवा. दोन जॉन वेगळे झाले ते शेजाऱ्यांमुळेच, एकाच्या हद्दीला नाला आणि दुसऱ्याच्या हद्दीला रस्ता. सिनियर ज्युनियरवर विसंबू नका, ते बापलेक असतीलच असं नाही, नुसता वयाने मोठा आणि लहान, आणि सिनियर मेला की ज्युनियर सिनियर होतो. बायकोचं नाव बघा, जमीन विकताना तिला तिच्या हिश्शाचा हक्क सोडावा लागायचा, त्यासाठी नवऱ्यापासून बाजूला घेऊन तिची संमती विचारायचे.

काउंटी बदलते हे लक्षात असू द्या. लुइसा १७४२ मध्ये हॅनोव्हरमधून निघाली. ठाण्यातून पालघर निघाला तेव्हा कोणी घर हलवलं होतं का? तसंच. त्याआधीचा जॉन हॅनोव्हरच्या दप्तरात असणार आणि हॅनोव्हरचं बहुतेक दप्तर सुरक्षित राहावं म्हणून रिचमंडला पाठवलेलं, ते १८६५ मध्ये तिथेच जळालं. हे वाचून मी रडले होते, खरंच. पण सरकारी जमिनीचे पेटंट, म्हणजे सरकारने जमीन पहिल्यांदा कोणाला दिली त्याचे कागद, वेगळ्या दप्तरात होते, ते वाचले, आणि रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या साइटवर स्कॅन मिळतात. १७५२ च्या आधी वर्ष २५ मार्चला बदलायचं तेही बघा, नाहीतर फेब्रुवारीतलं मृत्युपत्र त्याच वर्षीच्या एप्रिलमधल्या लग्नानंतरचं निघतं आणि तुम्ही डोकं धरून बसता.

आणि खरेदीखतच सापडत नसेल तर? मृत्युपत्र न करता बाप गेला की सगळी जमीन थोरल्या मुलाला, आपोआप, कागद नाही. व्हर्जिनियाने हे १७८५ मध्ये बदललं. त्यामुळे कुठून आली ते न सांगता विकायलाच उभा राहिलेला माणूस दिसला तर तो बहुधा थोरला.

एक गोष्ट कोणी आधी सांगितली नव्हती. जॉनच्या सामानाच्या यादीत लोखंडी भांडी, दोन घोडे, पिसांची गादी, आणि त्याच ओळींत चार माणसं. नुसती पहिली नावं, पुढे पौंडात किंमत. १७०५ च्या कायद्याने व्हर्जिनियात गुलामांना जमिनीसारखी स्थावर मालमत्ता ठरवलं होतं, म्हणून ती डीडमध्येही सापडतात. दोनशे एकरवाल्या साध्या शेतकऱ्याकडे नसतील असं मी धरून चालले होते. तुम्हीही धरून चालू नका, आणि ती नावं, वय, कोणाकडे गेली, सगळं उतरवून घ्या. त्यांचे वंशज जे शोधतायत त्यांना १८७० च्या, म्हणजे गुलामी संपल्यानंतरच्या पहिल्या सेन्ससच्या मागे जायला बऱ्याचदा हेच कागद लागतात. मी ती चार नावं लेकीच्या चार्टवर वेगळ्या रंगात लिहिली, सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले राहू दे.

जॉनच्या बायकोचं माहेर अजून सापडलेलं नाही. संमती विचारली त्या नोंदीत नुसतं मेरी. आता चान्सरी कोर्टाच्या केसेस बघतेय, वाटणीची भांडणं तिकडे जायची आणि तिथे साक्षीत लोक सगळं नातं बोलून जातात. तीन केसेस झाल्या, चौथीची एकशे ऐंशी पानं आहेत, सदतिसाव्या पानावर आहे.