आधी लॅपटॉपचा पडदा काळा करा

पहिल्या वर्षी मी हा विषय अगदी पुस्तकी शिकवला. थर्ड इयर कॉम्प्युटरचा इलेक्टिव्ह, ॲक्सेसिबल डिझाइन, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येतील अशी ॲप आणि वेबसाइट बनवणं, आणि हाताशी डब्ल्यूसीएजीच्या, म्हणजे त्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या, स्लाइड्सची चळत. मुलांनी चारही तत्त्वं घोकली, पेपरात झकास लिहिली आणि त्याच आठवड्यात पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरांची प्रोजेक्टं आणून दिली. साध्या मजकुराला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ लागतो, हे उत्तर जवळजवळ सगळ्यांचं बरोबर होतं. एका प्रोजेक्टमधला राखाडी मी मोजला, तर २.८५.

दुसऱ्या वर्षी डोळ्यांना रुमाल बांधायचा प्रयोग केला. तुम्ही करू नका. दहा मिनिटं हशा झाला, एकाचा गुडघा बाकाला आपटला आणि शेवटी वह्यांत उतरलं काय, तर ‘बिचारे कसे जगत असतील’. दहा मिनिटांच्या अंधारात फक्त धडपडणं कळतं. वर्षानुवर्षं सराव असलेला माणूस संगणक कसा चालवतो, ते त्यातून कळत नाही.

तिसऱ्या वर्षापासून पहिल्याच प्रॅक्टिकलला मुलांची स्वतःची प्रोजेक्टं उघडायला लावते. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन प्रोग्रामरांनी उभा केलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतो. त्याची सुरुवात २००६ ची. हे मुद्दाम सांगते, म्हणजे ‘आपण यांच्यासाठी काहीतरी करायचं’ हा सूर जरा खाली येतो. मग एनव्हीडीएमधला स्क्रीन कर्टन लावायचा, पडदा काळा होतो, माउस बाजूला ठेवायचा आणि नुसत्या कीबोर्डवर आपलंच ॲप चालवायचं. डिव्हला, म्हणजे पानावरच्या नुसत्या चौकटीला, क्लिक लावून ज्यांनी बटण नुसतं रंगवलं होतं, त्यांना टॅब दाबदाबूनही ते सापडेना. एका मुलीने अर्ध्या तासात खरं बटण वापरून ते दुरुस्त केलं. स्लाइड्सनी वर्षभरात जे साधलं नव्हतं, ते इथे एका प्रॅक्टिकलमध्ये झालं.

पण खरा तास घेतला तो बँकेत नोकरी करणाऱ्या एका दृष्टिहीन पाहुण्यांनी. मुलांचं मेसचं जेवण बुक करायचं वेब ॲप त्यांनी लावलं. आवाजाचा वेग इतका, की आम्हाला नुसती किरकिर ऐकू येत होती. ते टॅब दाबत गेले, थांबले आणि म्हणाले, “सात बटणं आहेत. सातही नुसती ‘बटण’. यातल्या कुठल्या बटणाने जेवण मिळतं?” चिन्हं सुंदर काढली होती, नावं एकालाही दिली नव्हती. मुलं हसली, पण लगेच लॅपटॉपवर वाकली.

त्यांना बोलवायच्या आधी मीही शोभा करून घेतली होती. अभ्यासक्रम पाठवला तो स्कॅन करून, पीडीएफमध्ये, म्हणजे अक्षरांचं नुसतं चित्र. त्यांचा फोन आला, “मॅडम, तुमचा कागद मुका आहे.” घाईने माझ्या जुन्या मराठी नोट्स पाठवल्या, त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. आपल्याला दिसते देवनागरी, पण आत साठवलेली असतात भलतीच रोमन अक्षरं, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. मराठीत शिकवणाऱ्यांनी हा धडा सोडू नये, इंग्रजी ट्युटोरियलमध्ये तो सापडत नाही. तसंच पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवलेली नसेल, तर इंग्रजी आवाज देवनागरी गाळून पुढे जाऊ शकतो. अख्खी बातमी गायब, आकडे तेवढे ऐकू येतात.

पाहुण्यांना मानधन द्या. ‘सामाजिक काम आहे, येतील’ असं धरून चालू नका. एक्स्पर्ट लेक्चरच्या हेडखाली बिल निघतं. व्हाउचरच्या वेळी मात्र स्वतः हजर राहा. आमच्याकडे कारकुनाने सोबतच्या मुलाला विचारलं, “यांना सही येते का?” पाहुणेच म्हणाले, “बँकेत दिवसभर तेच करतो.” त्या दिवशी मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

कायद्यावर फार वेळ घालवत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार, एवढं पुरे. एक निकाल मात्र तपशिलात सांगते, कारण त्यात मुलांना आपलाच कोड दिसतो. ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवताना, ‘डोळे मिचकावा’ म्हणतात. ॲसिड हल्ल्यात पापण्या गेलेल्या बाईने काय मिचकावायचं? सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ ला डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. वर्गातल्या एकाने विचारलं, “पण ती अट लिहिणारा डेव्हलपर कोण असेल?” मी म्हटलं, तुमच्यासारखाच कुणीतरी, दोन-चार वर्षांनी मोठा.

गुणांचं म्हणाल तर वीस इंटर्नलपैकी पाच नुसत्या कीबोर्डवर ॲप चालण्याला ठेवा. मार्क नसतील तर हा विषय सबमिशनच्या आदल्या रात्री गळतो. ऑटोमॅटिक तपासणीच्या टूलवर विसंबू नका: चित्राला पर्यायी मजकूर (स्क्रीन रीडर चित्राऐवजी वाचतो तो) आहे एवढं ते सांगतं, पण तिथे ‘इमेज १’ लिहिलंय की ‘मेसचा आजचा मेनू’, ते माणसालाच वाचावं लागतं.

आणि पहिल्या प्रॅक्टिकलला हेडफोन आणायला सांगा. आम्ही विसरलो होतो. वीस लॅपटॉप एकदम बोलायला लागले आणि शेजारच्या लॅबमधले सर व्हायवा अर्धवट टाकून बघायला आले.