गोदाआरतीचा व्हिडिओ: एक्सपोर्टनंतरचे चौकोनी ठिपके असे घालवले

नाशिकच्या रामकुंडावरच्या गोदाआरतीचा व्हिडिओ एडिटरमध्ये स्वच्छ दिसायचा, एक्सपोर्ट केला की पाण्यावर चौकोनी ठिपके. कारण कमी बिटरेट, म्हणजे व्हिडिओच्या दर सेकंदाला मिळणारा डेटा कमी. हलतं पाणी, दिव्यांच्या ज्योती प्रत्येक फ्रेमला बदलतात. कॉम्प्रेशनला (फाइल लहान करण्याच्या प्रक्रियेला) आधीच्या फ्रेममधून उचलण्यासारखं फारसं उरतच नाही.

तयार प्रीसेट सोडून ‘कस्टम’ निवडलं: एच.२६४ (कॉम्प्रेशनची पद्धत), १०८०पी (फुल एचडी), बिटरेट १६ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट). फ्रेमरेट मात्र शूटिंगचाच, सेकंदाला ३० फ्रेम, ठेवला. तो बदलला की कॅमेरा फिरताना झटके दिसतात, आणि आरतीत ते फार खुपतात. ठिपके गेले! फाइल मोठी होते: ८ बिटांचा एक बाइट, म्हणून १६ भागिले ८, म्हणजे सेकंदाला २ एमबी, मिनिटाला १२०. नुसतं बोलणाऱ्या माणसाच्या व्हिडिओला ८ एमबीपीएस पुरतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर गावी आजीला पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तिथे तो पुन्हा कॉम्प्रेस होतो.