वाडा वाचवायचाय? मग आधी नकाशा बघा

पुण्यात पेठेतला वाडा पडताना दिसतो तेव्हा सगळे हळहळतात, फोटो टाकतात, पण त्याचं ठरलेलं असतं बरंच आधी, डीपीच्या (शहराच्या विकास आराखड्याच्या) नकाशावरच्या एका रेषेत. म्हणून काम तिथूनच सुरू करायचं.

महापालिकेच्या बांधकाम विभागात अर्ज करून आपल्या सिटी सर्व्हे नंबरचा डीपी अभिप्राय (आपल्या जागेवर डीपीत काय दाखवलंय ते सांगणारा कागद) आणि भाग नकाशा काढा, सोबत प्रॉपर्टी कार्डाचा ताजा उतारा ठेवा. नकाशात आरक्षण (सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा) तर सगळेच बघतात, पण पेठांमधे खरी बघायची ती रस्तारुंदीची रेषा! 2020 च्या यूडीसीपीआर या बांधकाम नियमावलीत (मुंबई सोडून जवळपास सगळ्या राज्याला हीच) किती एफएसआय (जागेच्या किती पट बांधकाम) मिळणार, टीडीआर (दुसऱ्या जागेचा न वापरलेला बांधकामाचा हक्क) चालणार का, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं आणि नऊ मीटर हा त्यातला कळीचा आकडा आहे. सहा मीटरची गल्ली कागदावर नऊची झाली की दोन्ही बाजूच्या वाड्यांचे दिंडी दरवाजे, ओटे रेषेत जातात आणि मागच्या जागेचा भाव एकदम वाढतो. त्यामुळे "फक्त रस्ता रुंद करतोय" असं कोणी म्हणालं तरी महापालिका कायद्याच्या कलम 210 खाली (रस्त्याची रेषा ठरवायचं कलम) काय प्रस्ताव आलाय ते विचाराच.

आता हरकतीबद्दल. मंजूर डीपीत बदल करायचा असेल तर एमआरटीपी कायद्याच्या (राज्याचा नगररचना कायदा) कलम 37 खाली राजपत्रात नोटीस निघते आणि हरकतीला महिनाभर मिळतो, पूर्ण नवा डीपी असेल तर नोटिशीतली मुदत बघा. पेपरात ही नोटीस बारीक अक्षरात आतल्या पानावर येते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून गल्लीतल्या एकाने हे बघायची जबाबदारीच घ्यायची. पन्नास जणांनी एकाच झेरॉक्सवर सह्या करण्यापेक्षा पाच वेगळी, मुद्देसूद पत्रं जास्त उपयोगी. पत्रात सिटी सर्व्हे नंबर, नेमका कुठला बदल नको, का नको, त्याऐवजी काय हवं (रेषा समोरच्या बाजूला सरकवा, गल्ली फक्त पादचाऱ्यांना ठेवा, काहीही) आणि "मला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी" हे वाक्य पाहिजेच. आवक शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

"वाडा खूप जुना आहे" एवढ्याने सुनावणीत काही होत नाही. सागवानी खांब, त्याखालचा दगडी तळखडा, कडीपाट (लाकडी तुळया-फळ्यांचं छत), चौक, देवळ्या (भिंतीतले कोनाडे), सगळ्याचे जवळून फोटो काढा, मापं घ्या आणि हेरिटेज यादीत वाडा आहे का, असला तर कुठल्या ग्रेडमधे, ते बघून ठेवा. नसेल तर यादीत घ्यायचा अर्ज हेरिटेज समितीकडे करा.

पावसाळ्याआधी महापालिका कायद्याच्या कलम 264 ची, इमारत धोकादायक असल्याची नोटीस येते तेव्हा घाबरून गप्प बसू नका. लाकूड-विटांचं काम कळणाऱ्या इंजिनिअरकडून दुसरं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या, कारण आरसीसीच्या नजरेने बघितलं तर प्रत्येक वाडा पाडण्यालायकच वाटतो. खरंच धोका असेल तर मात्र माणसं आधी बाहेर काढा, त्यात वाद नाही.

आणि मालकाला शत्रू समजू नका प्लीज. जुन्या भाड्याच्या चार पैशात छप्पर दुरुस्त होत नाही. हेरिटेज वास्तूमुळे जे बांधकाम करता येत नाही त्याचा टीडीआर मिळायची तरतूद आहे, ती त्याला सांगा, अर्जाला मदत करा. शनिवारवाड्याभोवती राहणाऱ्यांना विचारा, केंद्रीय स्मारकापासून 100 मीटर बांधकामबंदी आणि पुढचे 200 मीटर परवानगीचे, त्यात लोक वर्षानुवर्षं अडकलेत. माणसांना घर दुरुस्त करता येत नसेल तर ते संरक्षण काय कामाचं?

भिडे वाड्याचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. 1848 मधे फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली ती जागा, स्मारक व्हावं असं सगळेच म्हणत होते, पण कोर्टात वाद चालू राहिला, वास्तू खिळखिळी झाली आणि डिसेंबर 2023 मधे ती पाडूनच स्मारकासाठी जागा ताब्यात आली. म्हणून मालक, भाडेकरू आणि शेजारी, तिघांची एकत्र बैठक हरकतीच्या आधी व्हायला हवी, नंतर नाही.

हरकतींची सुनावणी झाल्यावर ती घेणाऱ्या समितीचा अहवाल माहिती अधिकारात मागा. अंतिम मंजुरी सरकारकडून येते आणि तिथे पुन्हा बदल होऊ शकतो, तेव्हा मंजुरीचं राजपत्र हातात येईपर्यंत फाइल बंद करू नका.