नागपूरच्या उन्हात भाजीपाला लावताय? या चुका टाळा

एप्रिल लागला की मला दर वर्षी तेच फोटो येतात. टमाटरचं झाड कमरेएवढं, पानं हिरवीगार, आणि खाली मातीवर पिवळ्या फुलांचा सडा. सोबत एकच प्रश्न: ‘ताई, कोणतं औषध मारू?’

कोणतंच नाही. झाडाला काही झालेलं नाही, महिना चुकला आहे.

दिवसाचं तापमान ३५ च्या वर गेलं आणि रात्रीही हवा थंड होईना, की टमाटरचे परागकण निकामी होतात. फूल येतं, दोन-तीन दिवस टिकतं आणि देठापासून गळून पडतं. आपल्याकडे एप्रिलमध्येच पारा ४२-४३ ला टेकतो आणि मे महिन्यात कित्येक रात्री २८-३० च्या खाली यायला तयार नसतात. २३ मे २०१३ ला तर नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. (२०२४ च्या मे अखेरीस रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित यंत्रानं ५६ अंश दाखवले, गावभर बोंबाबोंब झाली आणि नंतर यंत्रच बिघडल्याचं निघालं. पण तो आकडा आपल्यातल्या बहुतेकांना लगेच पटला होता, यातच सगळं आलं.)

मागच्या उन्हाळ्यात बेसा भागात नव्यानं राहायला आलेल्या एका पोरानं फेब्रुवारीच्या शेवटी टमाटरची वीसेक रोपं आणली. काळ्या पिशवीतली, टवटवीत. नर्सरीवाल्याला विचारलं, ‘आता लावली तर चालतील का?’ तो काय म्हणणार? त्याच्याकडे रोपं पडून होती. मार्चमध्ये झाडं अशी फोफावली की त्यानं रोज फोटो टाकायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये फुलं गळू लागली. मग सुरू झालं. आधी युरिया, त्यानं झाड आणखी पानावर गेलं. मग बोरॉन. मग कुठलंसं फुलगळीचं टॉनिक. मग व्हिडिओत बघून विजेच्या टूथब्रशनं फुलं हलवणं. कृती चुकीची नाही, पण परागकणच मेलेले असतील तर ब्रश काय करणार? मे संपेपर्यंत खर्च दोन हजारांवर गेला आणि टमाटर मिळाले मूठभर, तेही लिंबाएवढे. तेवढ्या पैशांत कॉटन मार्केटातून क्रेट आणून अख्ख्या बिल्डिंगला वाटता आले असते.

ते व्हिडिओ बंगळुरूचे असतात, पुण्याचे असतात. तिथल्या बाईनं मार्चमध्ये टमाटर लावले म्हणून तुम्ही लावू नका. नागपुरात टमाटरचं बी जुलै-ऑगस्टमध्ये टाकायचं, रोपं ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत कुंडीत लावायची आणि दिवाळीनंतर होळीपर्यंत खायचे. उन्हाळ्यात हात शिवशिवत असतील तर भेंडी, गवार, चवळी, अंबाडी, लाल माठ आहेत. वांगं आणि मिरची उन्हाळा सोसतात, पण तेव्हा त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. मे महिन्यात झाड जगवायचं असतं, पिकवायचं नसतं, हे नव्या माणसाच्या गळी उतरवणं सगळ्यात अवघड. त्याला महिनाभरात काहीतरी तोडायचंच असतं.

आणि हो, उलटंही होतं. आपल्याकडे २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांपर्यंत पारा उतरला होता. ऐन थंडीत भेंडीचं बी टाकून ‘बियाणं बोगस निघालं’ म्हणणारे दर वर्षी भेटतात. थंड, ओल्या मातीत ते बी कुजतं. जानेवारी सरू द्या, मग टाका.

आता माझ्या डोक्यात जाणारी दुसरी चूक, आणि ही खास आपल्या गावाची: कुलरचं पाणी.

आमचे भाऊजी मानेवाड्याला राहतात. गच्चीवर पंचवीस-तीस कुंड्या, माणूस मेहनती, रोज पहाटे उठून झाडांशी बोलणारा. उन्हाळ्यात त्यांच्या वांग्यांची पानं कडेनं करपायला लागली. आधी टोकं तपकिरी, मग कड, मग पान कागदासारखं कुरकुरीत. उन्हानं होतंय म्हणून त्यांनी जाळी बांधली. तरी होतंय म्हणून डीएपी हे रासायनिक खत दिलं. तरी होतंय म्हणून बुरशीनाशक मारलं. मी गेले तेव्हा मिरच्याही गेल्या होत्या आणि ढोबळी मिरची तर नुसती काडी उरली होती.

कुंड्यांकडे बघितलं, तर मातीवर पांढरी साय. कुंडीच्या काठालाही पांढरा पट्टा. नखानं खरवडला तर खपली निघाली.

‘भाऊजी, पाणी कुठलं घालता?’

‘कुलरचंच. दर रविवारी टाकी रिकामी करतो न. एवढं बादल्या-बादल्या पाणी वाया काऊन घालवायचं, वहिनी?’

मी त्यांना खाली नेलं, कुलरची बाजू उघडली आणि ताटी दाखवली. गवतावर तोच पांढरा थर. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. कुलरमध्ये उडून जातं ते शुद्ध पाणी. क्षार टाकीतच राहतात. रोज वरून नवीन पाणी भरायचं, रोज थोडे क्षार वाढायचे. आठवड्यानं खाली जे उरतं ते झाडासाठी मिठाचं पाणीच. बोअरचं पाणी भरत असाल तर विचारूच नका. बरं, डासांसाठी त्यात कोणी घासलेट टाकतं, कोणी फिनेल, कोणी वासासाठी अत्तर. ते सगळं तुमच्या पालकाच्या मुळाशी. त्यावर भाऊजींनी डीएपी दिलं, म्हणजे क्षारात आणखी क्षार.

उपाय सोपा आहे, फक्त पाण्याचा लोभ सोडावा लागतो. पांढरा थर वरच्या बोटभर मातीसकट काढून टाका. मग कुंडीत जेवढी माती आहे त्याच्या दुप्पट-तिप्पट साधं नळाचं पाणी हळूहळू ओतून खालून जाऊ द्या. खालचं भोक उघडं आहे का ते आधी बघा, नाहीतर वरून मीठ काढून खाली साठवाल. दोन-तीन आठवडे कुठलंही खत नाही. करपलेली पानं पुन्हा हिरवी होत नसतात, नव्या पानांकडे बघा. भाऊजींची वांगी वाचली, ढोबळी गेली. कुलरच्या पाण्यानं अंगण धुवा, संडासात टाका. पाणी वाचवायचंच असेल तर तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी आहे की. त्यात मीठ नसतं.

काळ्या मातीबद्दल बोललं की लोकांना राग येतो, तरी बोलते. ‘आमच्या शेतातली काळीभोर माती आणली, सोनं आहे सोनं!’ शेतात सोनं, कुंडीत वीट. काळी माती वाळली की आकसते. कुंडीत ती कडेपासून सुटते आणि मधे बोट जाईल एवढी फट पडते. तुम्ही पाणी घालता, ते त्या फटीतून सरळ खाली उतरतं, ताटलीत दिसतं, आणि तुम्हाला वाटतं कुंडी भिजली. मधला गोळा कोरडाच. झाड सुकतं, तुम्ही आणखी पाणी घालता, तेही फटीतूनच जातं. पावसाळ्यात बरोब्बर उलटं: तीच माती पाणी धरून बसते आणि मुळं सडतात.

मी एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग धानाचं तूस घेते. भंडारा-गोंदियाकडे राईस मिलांच्या मागे ढीग लागलेले असतात, कोणी येणारं-जाणारं असलं की एक पोतं सांगून ठेवते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तोही चालतो, पण उन्हाळ्यात तो एकदा कडक वाळला की पाणी पटकन पीत नाही. ज्यांची कुंडी आधीच वीट झाली आहे त्यांनी ती पाण्याच्या टबात अर्धा तास बुडवून ठेवावी, बुडबुडे थांबेपर्यंत. फट लाकडी काडीनं मोडून बुजवावी. आणि गच्चीवर मोठे ड्रम ठेवताना स्लॅबचा विचार करा. २० लिटरच्या बादलीतली ओली माती पंचवीस-तीस किलो भरते, हिशेब तुम्हीच करा.

बाकीच्या चुका पटापट सांगते.

दुपारी दोनला वांग्यानं मान टाकली म्हणून लगेच पाणी घालू नका. पानातून पाणी उडण्याचा वेग मुळांना झेपत नाही, म्हणून ते पान पाडतं. संध्याकाळी सातला बघा. उभं राहिलं असेल तर ठीक आहे. सकाळीही पडलेलंच असेल तर मात्र बोट मातीत घाला: कोरडी असेल तर पाणी, ओली असेल तर मुळं सडताहेत, पाणी बंद.

गच्चीवर उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी झाडाला देऊ नका. हात लावून बघा एकदा, चटका बसतो.

ताजं शेण घालू नका. कुजताना तापतं, मुळं भाजतात आणि वर हुमणीच्या अळ्या फुकट मिळतात.

चहाचा गाळ धुतल्याशिवाय टाकू नका. साखर आणि दूध मुंग्यांसाठी जातं, आणि मुंग्या आल्या की मागोमाग मावा. केळीच्या सालीचं पाणी, कांद्याच्या सालीचं पाणी, ताकाचं पाणी, हे सगळं मी ऐकून आहे. त्यापेक्षा सालं कंपोस्टच्या डब्यात टाका आणि तीन महिने धीर धरा.

टमाटरच्या बुडाला काळा, चपटा डाग पडला की लोक अंड्याची टरफलं खुपसतात. टरफल विरघळायला कित्येक महिने लागतात. कॅल्शियम बहुतेक वेळा मातीत असतंच. तुम्ही दोन दिवस कोरडं ठेवून तिसऱ्या दिवशी बदाबदा ओतता, म्हणून ते फळापर्यंत पोहोचत नाही. पाणी नेमानं घाला, पुढची फळं चांगली येतील.

दोडक्याला, दुधीला नुसती फुलं येऊन गळतात, ही तक्रारही नेहमीची. पहिली फुलं नराचीच असतात, ती गळणारच. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, ते दिसेपर्यंत थांबा. तेही पिवळं पडून गळत असेल तर मधमाशी येत नाही असं समजा आणि नराचं फूल तोडून, पाकळ्या मागे करून, मादीच्या मधोमध टेकवा. वेळ महत्त्वाची: काकडी-कारल्याचं काम सकाळी, पण दोडका आणि दुधी संध्याकाळी फुलतात. सकाळी दहाला दुधीच्या मिटलेल्या फुलावर ब्रश फिरवणाऱ्यांना काय सांगावं! फळ वाढून मग वाकडं होत असेल, त्यावर टाचणीएवढं भोक असेल, तर ती फळमाशी. असं फळ तोडून पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. कंपोस्टमध्ये टाकलंत तर माश्या घरीच पाळल्यासारखं होईल.

मिरचीचा चुरडा-मुरडा झाला, म्हणजे पानं वळून आकसली, की लोक एकदम जहाल औषध आणतात. घरच्या चार झाडांवर शेतातलं औषध, आणि परवा तीच मिरची ठेच्यात. थोडी पानं वळली असतील तर ती खुडा, पानांच्या मागच्या बाजूनं पाण्याचा जोरात फवारा द्या. फुलकिडे आणि कोळी तिथेच बसतात. अख्खं झाड आकसून झुडूप झालं असेल तर उपटा. पंधरा दिवस त्याची सेवा कराल, तोवर शेजारची तिन्ही जातील.

फवारायला मी निंबोळी अर्क वापरते. जून-जुलैत सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवर निंबोळ्यांचा खच पडतो, फिरायला जाताना पिशवी न्यायची. गर काढून सावलीत वाळवायच्या. ५० ग्रॅम बी भरड कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचं, फडक्यानं गाळायचं, चिमूटभर साबण घालायचा. साबण अंगाचा; कपड्याच्या पावडरनं पानं जळतात. फवारणी सूर्य कलल्यावरच, कारण उन्हात त्यातला गुण लवकर उडतो. उरलेला अर्क बाटलीत भरून ठेवू नका, दुसऱ्या दिवशी त्याचा नुसता वास उरतो. बाजारातलं नीमतेल चालेल, लिटरला पाच मिली. ‘जास्त टाकलं तर लवकर जाईल’ असं वाटणाऱ्यांनी आधी एका पानावर मारून बघावं.

आणि ती हिरवी जाळी. पन्नास टक्के ऊन अडवणारी घ्या, ७५ टक्क्यांची नको. डोक्याच्या वर हातभर उंच बांधा, बाजू मोकळ्या ठेवा; झाडावर टेकवून बांधली तर आत भट्टी होते. दोऱ्या चांगल्या आवळा, वळवाच्या वादळात तीच जाळी कुंड्यांसकट शेजाऱ्याच्या गच्चीवर जाते. पण खरी चूक पुढे होते. पाऊस लागतो, आभाळ भरून येतं आणि जाळी तशीच राहते. जुलैमध्ये फोन येतो, ‘ताई, भेंडी सहा फूट झाली, फुलच नाही.’ वर ढग, खाली जाळी, बिचारी उजेड शोधत वर वर जाते. मृग बरसला की जाळी उतरवायची, धुवायची, घडी करून माळ्यावर टाकायची. अशा उंच वाढलेल्या भेंडीचा शेंडा खुडून टाका. उजेड मिळाला तर बाजूनं फांद्या फुटतात आणि महिनाभरात शेंगा धरतात.